दुपारचा लाइनमन

मीटरने पिलारेंच्या घराचा निकाल लावला तेव्हा हर्षला कुकरच्या तिसऱ्या शिटीची वाट बघत होती.

“या घरास वेळवार दर अनुकूल नाही,” भिंतीवरचा मीटर सरकारी मराठीत म्हणाला. “सरसकट दराची शिफारस करण्यात येत आहे. प्रमुख कारण: सकाळी अकरा ते सायंकाळी पाच या वेळेत घर रिकामे असते.”

कागदोपत्री त्याचं नाव होतं ‘संवेदी मीटर’. ब्रह्मपुरीच्या त्या गल्लीत मात्र त्याला सगळे ‘चोमडा’ म्हणत, आणि नाव ठेवणाऱ्याचं काही चुकलेलं नव्हतं. चोमड्याला डोळे नव्हते. बटण दाबून त्याच्याशी बोललं तेवढं सोडलं, तर त्याला कळे ती फक्त वायरीतून जाणारी वीज. पण प्रत्येक यंत्र वीज ओढतं ते आपापल्या ढंगाने. मिक्सर सुरू होताना हिसका मारतो, फ्रीज थोडा वेळ धावतो आणि दम घेतो, कूलरचा पंप एकसुरी कुरकुरत राहतो. सेकंदाला हजारो वेळा प्रवाह मोजला की या लकबी वेगवेगळ्या ओळखता येतात. पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते कळावं, तशा. चोमडा वर्षभर घर ऐकायचा आणि मग सांगायचा, या घराला कोणता दर बसेल.

दर दोन होते. सरसकट दर म्हणजे चोवीस तास एकच भाव. वेळवार दर म्हणजे घड्याळाप्रमाणे भाव: सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच वीज जवळजवळ फुकट, सहा ते साडेदहा तिप्पट, बाकी वेळ मधला. कारण उघड होतं. २०३८ सालापर्यंत राज्यात सौर पॅनलं इतकी झाली होती की भर दुपारी निम्मी बंद ठेवावी लागत, आणि सूर्य मावळला की सगळ्यांच्या शेगड्या, एसी, पंखे एकदम विजेवर तुटून पडत. निवड ज्याची त्याने करायची. पण एकदा केली की तीन वर्षं बदल नाही, आणि मुदत होती एकतीस मेपर्यंत.

पाचच मिनिटांत पुण्याहून फोन आला. हर्षलाचे जेठ, म्हणजे मोठे दीर, नितेश. वीजजोडणी सासऱ्यांच्या, नीलकंठ पिलारेंच्या नावावर होती, पण नोंदवलेला फोन नितेशचा. त्यामुळे घरातल्या कुकरची शिटी व्हायच्या आधी घराचा अहवाल पुण्याला पोचत असे.

“बघितलंस ना, हर्षला? मशीनच सांगतंय. सरसकट घेऊन टाकू. आणि बाबांचं आता पक्कं करू. मेच्या मध्यात मी गाडी घेऊन येतो.”

“पक्कं म्हणजे, भाऊजी?”

“म्हणजे कायमचं पुण्यात. अगं, डॉक्टरांनी सांगितलंय ना, खोली तीसच्या खाली पाहिजे. तिथे कसं जमणार तुम्हाला?”

यात खोटं काही नव्हतं, हेच वाईट होतं. गेल्या मेमध्ये मामाजींना, म्हणजे सासऱ्यांना, उष्माघात झाला होता. आठ दिवस दवाखान्यात काढले. चौऱ्याहत्तरीचं हृदय, पुन्हा झालं तर सांगता येत नाही, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले. रोशनने, हर्षलाच्या नवऱ्याने, त्यानंतर हप्त्यावर एसी घेतला. पण ब्रह्मपुरीचा मे म्हणजे सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस अंश. दिवसभर तापलेली स्लॅब संध्याकाळी सहानंतर उष्णता खोलीत ओकायला लागते. म्हणजे एसी खरा लागतो तो नेमका महागाच्या वेळी. सरसकट दराने दुपार ते रात्र एसी चालवावा, तर एसटीच्या ड्रायव्हरचा आणि सरकारी दवाखान्यातल्या लॅब टेक्निशियनचा पगार मिळूनही झेपत नव्हतं. वेळवार घ्यावा, तर संध्याकाळ तिप्पट आणि स्वस्त दुपार वापरायला घरात कोणी नाही, असं मशीन म्हणत होतं.

मामाजी सोफ्याच्या कडेला बसून सगळं ऐकत होते. चौतीस वर्षं खांबावर चढलेला माणूस, पण घरात कोणाला त्रास नको म्हणून सोफ्यावरही कडेलाच बसायचा. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर गेल्या दिवाळीत ते नऊ दिवस राहून आले होते. आल्यावर एवढंच म्हणाले होते, “तिथं जमीन लय खाली हाये.”

आत्ता ते उठून आपल्या खोलीत गेले.

रोशन आठवडाभर लांबच्या गाडीवर होता. हर्षलाने एकटीनेच भांडी आवरली आणि आवरता आवरता तिला हसू आलं. घर रिकामं म्हणे! एवढा वर्षभर कान लावून बसला आणि घरातला माणूस मोजायला विसरला. तिच्या लॅबमध्ये असा अहवाल आला असता तर तिने आधी नमुना तपासला असता. यंत्र सहसा खोटं बोलत नाही. त्याच्यापर्यंत जे पोचतं, त्यात घोळ असतो.

आणि मग तिचं हसू मावळलं. यंत्र खोटं बोलत नाही. मग दुपारी अकरा ते पाच त्याच्यापर्यंत काय पोचत होतं? मामाजी घरात. ती निघताना कूलर, आता एसी, स्वतः लावून जाते. फ्रीज तर बारा महिने तेरा काळ चालू. त्यातलं काहीच कसं ऐकू आलं नाही त्याला? फ्रीजचा विचार मनात येताच तिला आठवलं, दूध नासतंय म्हणून दोनदा मेकॅनिक बोलावला होता. दोन्ही वेळा तो म्हणाला होता, फ्रीज ठणठणीत आहे.

दुसऱ्या दिवशी ती दोन वाजता अर्धी रजा टाकून घरी आली. मार्च संपत होता आणि पारा एक्केचाळीसवर होता. दार नुसतं लोटलेलं. आत अंधार. पंखा नाही, एसी नाही, फ्रीजही गप्प. दाराजवळच्या बोर्डावर मेन स्विच खाली पाडलेला.

“मामाजी!”

“हाव जी,” न्हाणीघरातून आवाज आला.

न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर प्लास्टिकचं स्टूल ठेवून, डोक्यावर भिजवलेला पंचा घेऊन नीलकंठराव पिलारे बसले होते. चोरी पकडली गेलेल्या शाळकरी मुलासारखे ते तिच्याकडे बघत राहिले.

“रोज असेच बसता तुम्ही?”

“थंड असते इथं.”

“एसी लावून जातो ना मी! काहून बंद करता?”

“एकट्या मानसासाठी एसी चालवाचा? पोरी, मी एकटा. मले किती लागते?”

“आणि मेन काहून पाडता?”

“तो दिवा जळते ना एसीचा, लाल. बंद असला तरी जळते. मले पाहावत नाई.”

हर्षला उंबऱ्यावरच खाली बसली. “गेल्या वर्षी तुम्ही उन्हात फिरायला गेले होते, असं सगळ्यांना सांगितलं. गेले होते का?”

मामाजी पंचा पिळू लागले. पंच्यातून पाणी ठिबकत राहिलं.

“इथंच पडले होते ना? घरात? कूलर बंद करून?”

“तुमी संध्याकाळी याल तं घर थंड पाहिजे,” ते हळूच म्हणाले. “पाच वाजता लावत होतो मी, तवा कूलर, आता एसी. तुमच्यासाठी.”

तिला राग आला, इतका की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. वर्षभर सगळे म्हणत होते, म्हातारा ऐकत नाही, उन्हात जातो. आणि म्हातारा सुनेच्या पगाराची काळजी करत न्हाणीत शिजत होता. त्यांच्यावर ओरडावं की स्वतःवर, हे तिला कळेना, म्हणून ती दोघांवरही ओरडली. मामाजींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “बेटा, तुले सांगू काय? भारनियमनाच्या काळात रोज दुपारी मी या हातानं गावं अंधारात टाकली हायेत. सबस्टेशनच्या बोर्डावर काटा खाली गेला का वरून फोन ये, फीडर पाड, गावाची लाइन बंद कर. मी पाडत होतो. बाळंतीण हाये म्हनून बाया पाया पडत. तवापासून मले दुपारची वीज एकट्यासाठी जाळवत नाई. कोनाच्या तरी घरची काढून आनल्यासारखी वाटते.”

आता या माणसाला पैशाचं गणित सांगून उपयोग नव्हता, हे तिने ओळखलं. तिने त्यांचा हात धरला आणि त्यांना मीटरसमोर आणलं. मेन वर केला. फ्रीजने दीर्घ श्वास घेतला.

“कोणता काटा पाहत होते तुम्ही?”

“फ्रिक्वेन्सी. पन्नास पाहिजे. अठ्ठेचाळीसावर आली का सगळी लाइन बसे.”

चोमड्याच्या पडद्यावर कोपऱ्यात एक बारीक आकडा होता, ज्याच्याकडे गल्लीत कोणी बघितलंही नव्हतं. हर्षलाने बटण दाबून तो मोठा केला. ५०.०५.

मामाजींनी चष्मा लावला. पंच्याने पडदा पुसला. परत बघितलं.

हा आकडा म्हणजे अख्ख्या देशाच्या विजेची नाडी. वीज बनवणारी चक्रं जितक्या वेगाने फिरतात, त्यावर तो ठरतो. वीज खाणारे जास्त झाले की चक्रं जड होऊन मंदावतात, आकडा पन्नासच्या खाली जातो. बनवलेली वीज खाणाऱ्यांपेक्षा जास्त झाली की वर जातो. रिकामी बैलगाडी उतारावर बैलांनाच ढकलायला लागते, तसं. मामाजींच्या तरुणपणी मेच्या दुपारी हा आकडा पन्नासच्या वर कधी गेलाच नव्हता.

“हे दुपारचं हाये?” त्यांनी विचारलं. “आत्ताचं?”

“आत्ताचं. संध्याकाळी आठला बघा.”

आठ वाजता त्यांनी स्वतःच बटण दाबलं. ४९.९१. त्यांनी पुन्हा बटण दाबून खात्री केली.

“म्हंजे उलटं झालं सारं,” शेवटी म्हणाले. “दुपारी जाळाची तं लाइनले बरं. संध्याकाळी वाचवाची.”

“हो.”

“मंग मी वर्षभर लाइनचं वाटोळंच केलं का जी?”

“लाइनचं नाही,” हर्षला म्हणाली. “माझ्या दुधाचं.”

गेल्या वर्षभरात मामाजी इतके मोठ्याने हसलेले तिने ऐकले नव्हते.

त्या रात्री तिने कागद घेतला आणि घरातली कामं एकेक करून तपासली, रक्ताचे नमुने तपासावे तशी. चोमड्याने विचारलेला प्रश्नच चुकीचा होता. तो बघत होता, गेल्या वर्षी या घराने काय केलं. बघायचं होतं ते हे की कोणतं काम हलवता येतं. कपड्यांचं मशीन दुपारी हलेल. चक्की हलेल. टाकीचा पंप हलेल. संध्याकाळचा स्वयंपाक हलत नाही. माणसं आठला जेवतात ती आठलाच जेवणार. आणि मामाजींची खोली? संध्याकाळची गरमी काही दुपारी ढकलता येत नाही.

“पन थंडी ढकलता येते,” मामाजी पाठीमागून म्हणाले.

“कशी?”

“बर्फ करू दुपारी.”

हर्षलाने पेन खाली ठेवलं. काखेत कळसा आणि गावाला वळसा. शाळेत ती हे शिकली होती, पाठ करून मार्कही मिळवले होते. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता गिळतो, तेवढ्या उष्णतेने एक किलो पाणी तब्बल ऐंशी अंशांनी तापलं असतं. म्हणजे बर्फ ही उष्णता गिळणारी मोठी कोठी. दुपारच्या फुकटच्या विजेने ती रिकामी करून ठेवायची, संध्याकाळी खोलीतली उष्णता तिच्यात भरायची. फक्त दुपारी ते करायला घरात माणूस हवा. आणि माणूस तर घरात होताच.

बंद पडलेल्या कुल्फीच्या दुकानातला डीप फ्रीझर मामाजींनी स्वतः जाऊन ठरवून आणला. पाच-पाच लिटरचे आठ कॅन आणले, पाणी गोठताना फुगतं म्हणून मानेपर्यंतच भरले. माळ्यावरचा जुना लोखंडी कूलर उतरवून त्यातला खस काढला आणि आत कॅनसाठी पट्ट्या ठोकल्या. पहिल्या दिवशी पंचाईत झाली. कॅन एकमेकांना चिकटवून ठेवल्याने मधल्या चारांत नुसतं पाणीच राहिलं, आणि संध्याकाळी खोली बत्तिसाच्या खाली येईना. हर्षलाचा चेहरा पडला. मामाजींचा नाही. ज्या माणसाने वादळात तुटलेल्या तारा जोडल्या, त्याला आठ कॅनची काय मातब्बरी! दुसऱ्या दिवशी त्यांनी कॅनांमध्ये लाकडाच्या चिपा सारून हवा खेळती ठेवली. शिवाय पाचपर्यंत एसी बावीसवर ठेवून खोलीच्या भिंतीही गार करून घेतल्या. संध्याकाळी एसी बंद, आणि कॅनांवरून फक्त एक पंखा. रात्री नऊला खोलीत अठ्ठावीस.

एप्रिलभर हा उद्योग चालला. मामाजींचा दिवस भरला. अकराला फ्रीझर, साडेअकराला कपडे, बाराला पंप, एकला चक्की. भिंतीवर खडूने वेळा लिहिलेल्या, आणि त्या चुकल्या तर रोशनलासुद्धा बोलणी. दुपारी आता ते गार खोलीत बसत. कारण खोली गार ठेवणं हे आता त्यांचं काम होतं, चैन नव्हे. सोफ्यावरही ते मधोमध बसू लागले.

चोमड्याने मेच्या पहिल्या आठवड्यात नवा अहवाल दिला: या घरास वेळवार दर अनुकूल. पण पुण्याहून नितेशचं उत्तर आलं, “मशीन महिन्यात मत बदलतं, त्याचा काय भरवसा? बाबांच्या जिवाशी प्रयोग नकोत. मी अठराला येतोय.” वर्षभर हाच माणूस उंटावरून शेळ्या हाकत आला होता, पण वाईट नव्हता. गेल्या वर्षी दवाखान्याच्या बाकावर त्याने पाच रात्री काढल्या होत्या. त्याची भीती खरी होती, म्हणूनच हर्षलाला त्या भीतीची धास्ती वाटत होती.

अठरा मे. दुपारी बाहेर सत्तेचाळीस पूर्णांक सहा. संध्याकाळी सात वाजता नितेश गाडीतून उतरला तो घामाने निथळत, तापलेल्या अंगणात पाय ठेवताच “बापरे!” म्हणत. आणि दारातच थबकला. मामाजींच्या खोलीत शेजारच्या ठवकरबाई बसल्या होत्या, हातात आपल्या घराचा अहवाल घेऊन.

“तुमाले नाई बसत हा दर,” मामाजी त्यांना समजावत होते. “तुमची वड्यांची गाडी संध्याकाळची. कढई आत्ताच विजेवर घेतली. गिऱ्हाईक काय दुपारी वडे खाईल? दुपारी तुमी दोघंही बाजारात. तुमी सरसकटच घ्या.”

“पण मशीन तं वेळवार म्हणते…”

“मशीनले तुमचे वडे मालूम नाईत.”

ठवकरबाई हसत गेल्या. नितेश बापाकडे बघत होता. तो न्यायला आला होता एका आजारी माणसाला. समोर बसला होता दुसराच कोणीतरी.

“बस,” मामाजी म्हणाले. “पानी घे. हर्षला, त्याले थर्मामीटर दे. त्याचं त्याले पाहू दे.”

नितेशने थर्मामीटर पलंगाच्या उशाशी ठेवला. आठ वाजता साडेअठ्ठावीस. त्याने तो खिडकीशी नेला. एकोणतीस. साडेआठला स्टुलावर चढून स्लॅबला हात लावून बघितला आणि चटका बसून मागे घेतला. खोलीत तरीही एकोणतीसच. त्याने कूलरचं झाकण उघडून आतले पांढरेशुभ्र कॅन बघितले, एसी खरंच बंद आहे का ते दोनदा तपासलं. जेवण झालं. बोलता बोलता तो बापाच्या पलंगावर आडवा झाला. प्रवासाचा शीण होता. नऊच्या सुमारास हर्षला पाण्याचा तांब्या ठेवायला आली, तर पुण्याचा तो इंजिनियर कॅनांवरून येणाऱ्या गार वाऱ्यात पाय पोटाशी घेऊन पडला होता.

“हर्षला,” तो अर्धवट झोपेत म्हणाला, “एखादी चादर आहे का गं?”

ब्रह्मपुरीत, अठरा मेला, चादर! हर्षलाने तांब्या तिथेच ठेवला. तिने धावत जाऊन कपाटातली जाड सोलापुरी काढून आणली आणि त्याच्या अंगावर पांघरली. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

सकाळी चहा-आंघोळ उरकली तसा नितेश थेट मीटरसमोर जाऊन उभा राहिला. “बाबा, तुमच्या आवाजात संमती लागते. द्या.” मग खाली बघत म्हणाला, “माझं चुकलं. मला वाटलं, इथे तुमची कोणाला गरज नाही, म्हणून तुम्ही थकत चाललात.”

“चुकलं तं चुकलं,” मामाजी म्हणाले. “येत जा उन्हाळ्यात. चादर देऊ.”

रोशनही रात्रपाळी करून आला होता. सगळे बोर्डापाशी जमले. मामाजींनी बटण दाबलं.

“वेळवार दराची निवड नोंदवत आहे,” चोमडा म्हणाला. “नियमानुसार या दरासाठी घरातील एका व्यक्तीस भारव्यवस्थापक म्हणून नेमणे आवश्यक आहे. सध्या नोंद: नितेश पिलारे, पुणे. बदल करायचा आहे का?”

मामाजींनी हर्षलाकडे बघितलं. तिने नाही म्हणून मान हलवली आणि बोट त्यांच्याकडे केलं.

“कराचा हाये,” ते म्हणाले. घसा खाकरला. “नीलकंठ पिलारे. ब्रह्मपुरी.”

“नोंद केली. नीलकंठ पिलारे, वय चौऱ्याहत्तर. व्यवसाय, आधीच्या माहितीनुसार: लाइनमन, निवृत्त. बरोबर आहे का?”

“नाई.”

“कृपया दुरुस्ती सांगावी.”

“निवृत्त खोड,” मामाजी म्हणाले, आणि घड्याळात अकराला पाच कमी असल्याचं बघून कॅन आणायला आत गेले.